लालावर हिरव्याचा हात

तोफज्जल मिस्त्रीनं आयुष्यात तीनशेच्या वर हापसे बसवले आणि त्यातला एकही कधी आटला नाही. हे तो स्वतः सांगायचा नाही, लोकच सांगायचे. आमच्या धनागोदा नदीच्या दोन्ही काठांना मिस्त्री म्हटलं की तोच. बाकीचे नुसते पाइप ठोकणारे.

बोअर मारायचं काम सोपं नव्हे. बांबूंचं मचाण उभं करायचं, खाली खड्ड्यात शेण कालवलेलं पाणी भरायचं आणि उभा लोखंडी पाइप आडव्या बांबूला बांधून दोघा-तिघांनी वर-खाली हाणायचा. मिस्त्री मचाणावर बसणार, पाइपाच्या वरच्या तोंडावर तळहात ठेवून. पाइप वर येताना तळहात गच्च दाबायचा, खाली जाताना सोडायचा. असं दिवसभर. दर खेपेला खालचा गाळ उसळून हाताशी येतो. तोफज्जलला अक्षर वाचता येत नव्हतं, पण गाळ वाचता यायचा. आधी चिकण माती, मग पिठासारखी बारीक रेती, मग साठ-सत्तर फुटांवर काळपट, भरड रेती. ती हाताला लागली की तो वरून ओरडायचा, “बस! पोचलो!” आणि पहिली ओंजळ स्वतः पिऊन दाखवायचा.

आणखी खोल गेलं की तांबडी रेती लागते, हेही त्याला ठाऊक होतं. पण साठ फुटांवर गोड पाणी मिळत असताना दोनशे फूट जाणार कोण? मालक म्हणायचा नाही, मजूर म्हणायचे नाहीत, मग मिस्त्रीनं तरी का म्हणावं? आणि तेव्हा ती चूक नव्हतीच. तळ्याचं पाणी पिऊन पोरं जुलाबानं मरायची. हापसे आले आणि मरायची थांबली. तोफज्जल चहाच्या टपरीवर आला की चांगली जाणती माणसं उठून त्याला बाकावर जागा द्यायची. हे खोटं नाही, मी पाहिलंय.

राहेला त्याची एकुलती एक मुलगी. नदीपलीकडे कालीरपारला दिली, दुलाल नावाच्या मुलाला. दुलाल नारायणगंजला बनियनच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा घरी. घरात त्याची आई, हाजेरा. अंगणात पाणी नव्हतं. बायका लांबच्या तळ्यावर जायच्या, बाजाराच्या रस्त्यानं, सगळ्या रिकामटेकड्यांच्या नजरा झेलत. ते काही तोफज्जलला खपलं नाही. लोक लेकीला ट्रंक देतात, जावयाला सायकल देतात. त्यानं हापसा दिला. लग्नाच्या आठ दिवस आधी मजूर घेऊन गेला आणि बासष्ट फुटांवर पाणी लावून दिलं.

हाजेरा पडवीत बसून सुपारी कातरत सगळं बघत होती. म्हणाली, “काय हो व्याही, जावयाला सायकल नाही आणि सुनेला हापसा? मुलगी नांदायला धाडताय का अंघोळीला?”

“विहीणबाई, पाणी तुम्हीही पिणारच की.”

“पिईन तर! पण टोमणा मारूनच पिईन. तेवढा हक्क मला ठेवा.”

आणि खरंच, टोमणे मारत का होईना, ती त्या हापशाला जपायची. शेजारणींनी कळशी दांड्यावर आपटली तर ओरडायची.

चार वर्षांनी रंगाचं वर्ष आलं. पाण्यात आर्सेनिक नावाचं विष आहे, सरकारी लोक म्हणाले. दिसत नाही, वास नाही, चव नाही. प्रत्येक हापशाचं पाणी तपासायचं, वाईट असेल तर तोटीला लाल रंग, बरं असेल तर हिरवा. तपासायला रौशन नावाचा चष्मेवाला आला. त्याला गावातला एकेक हापसा दाखवणारा आणि रंग मारणारा माणूस हवा होता. कोण जाणार? ज्यानं बसवले तोच गेला. दोन डबे, दोन ब्रश, एक फडकं.

रौशन बाटलीत पाणी घ्यायचा, पुडी टाकायचा, बाटलीच्या तोंडाला कागदाची पट्टी लावून थोडा वेळ थांबायचा. पट्टी पिवळट राहिली तर ठीक. तपकिरी झाली की वहीत लिहायचा आणि म्हणायचा, “चाचा, लाल.” पहिल्या दिवशी बारा लाल. दुसऱ्या दिवशी पंधरा. पहिले काही रंगवताना तोफज्जल रौशनला पट्टी पुन्हा बघायला लावायचा. चौथ्या दिवसापासून तो रौशननं सांगायच्या आधीच लाल ब्रश उचलायला लागला. लोक म्हणायचे, “अरे मिस्त्री, पाणी तर गोडच आहे रे!” तो म्हणायचा, “हो, गोडच आहे.” दुसरं काय म्हणणार?

लाल रंगाचा अर्थ फक्त पिऊ नका एवढाच राहिला असता तर बरं होतं. पण आमचे लोक. आठ दिवसांत लाल घरातल्या मुलींची ठरलेली लग्नं मोडायला लागली. पाहुणे आले तर पेला हातात घेऊन तसाच खाली ठेवायचे. या पाण्यानं अंगावर काळे-पांढरे ठिपके उठलेल्यांच्या शेजारी नमाजाला कोणी उभं राहीना, जणू महारोगच. आणि एवढं करूनही जो तो आपापल्या घरी त्याच लाल हापशाचं पाणी पीत होता, कारण दुसरं होतं कुठं?

कालीरपारला ते नवव्या दिवशी पोचले. सकाळपासून सगळे लाल. राहेलाच्या अंगणात रौशननं पट्टी उचलून उन्हात धरली. चांगली गडद तपकिरी. “चाचा, लाल,” म्हणाला, वहीत लिहिलं आणि पुढच्या घराकडे निघून गेला. तोफज्जलनं तोटीवर लाल ब्रशचा एक फराटा ओढला. तेवढ्यात हाजेरा चुरमुरे आणि गूळ घेऊन बाहेर आली. मागे दारात राहेला, कडेवर वर्षाची पारुल.

“घ्या व्याही, तोंडात टाका काहीतरी. आणि सांगा, आमचा कुठला रंग? सगळ्या गावाचं तोंड लाल केलंत म्हणतात. आमचा तरी हिरवा असेल. खास लेकीसाठी मारलेला!” तोफज्जल तोटी अंगानं झाकून उभा होता. हाजेरा हसत पुढं म्हणाली, “लाल निघाला तर तसं सांगा हो. सुनेला परत देते, हापशासकट.”

ती थट्टा होती. तोफज्जललाही ती थट्टाच वाटली, हे तो शपथेवर सांगेल. पण त्याची नजर दारातल्या राहेलावर गेली आणि तोंडातून निघून गेलं, “हिरवाच आहे, विहीणबाई.”

जीभ बोलून गेली, मग हाताला तसं करणं भाग पडलं. हाजेरा ताट ठेवायला वळली तेवढ्यात त्यानं फडक्यानं लाल पुसला आणि वरून हिरव्याचा हात दिला. नंतर सुकल्यावर येऊन आणखी एक. त्यानं मनाशी ठरवलं होतं की पावसाळा संपला की मजूर घेऊन येऊ आणि दोनशे फूट खोल, जिथं हे विष नसतं त्या तांबड्या रेतीपर्यंत नवा बोअर मारून देऊ. कुणाला कळायच्या आत.

त्या पावसाळ्यात पूर आला. पुढच्या वर्षी त्याची बायको सुफिया अंथरुणाला खिळली, ती उठलीच नाही. मग त्याचे स्वतःचे तळहात बिघडले. कातडीखाली तांदळासारखे कडक दाणे उठले, वर भेगा पडल्या, पायांची बोटं बधिर झाली. मचाणावर चढणं संपलं. आणि सगळ्यात खरं कारण म्हणजे, पहिलं वर्ष गेल्यावर ती गोष्ट आठवणं त्यानं सोडून दिलं. कालीरपारमध्ये अठ्ठावीस हापसे, त्यात हिरवा एकच. सगळा पाडा राहेलाच्या अंगणात कळश्या घेऊन यायचा. हाजेराचा मान वाढला. रौशनच्या वहीत तो हापसा लाल होता, पण वही जिल्ह्याच्या कचेरीत पडून होती. ती कोण उघडणार? अशी आठ वर्षं गेली.

त्या आठ वर्षांत राहेलाची दोन मुलं गेली. एक पोटातच सातव्या महिन्यात, एक जन्मल्याबरोबर. दोन्ही वेळा तोफज्जल होडीनं पलीकडे गेला, एवढंसं पांढरं गाठोडं पुरताना जावयाशेजारी उभा राहिला आणि परत आला. दोन्ही वेळा त्याला रडू आलं नाही. लोकांना वाटलं, म्हातारा खंबीर आहे. खरं म्हणजे त्याला काहीच वाटत नव्हतं, आणि का वाटत नाही याचीच त्याला मनातून भीती वाटायची.

मग शिरीन आपा आली. ही पाण्यावर अभ्यास करणाऱ्या कुठल्याशा केंद्राची बाई, पन्नाशीची, छत्री आणि पिशवी घेऊन चालत हिंडणारी. वर्षानुवर्षं हापशाचं पाणी प्यायलेल्यांच्या गालाच्या आतून ती लाकडी पट्टीनं हलकेच खरवडून घ्यायची आणि काचेवर पसरून न्यायची. तोफज्जलचं नेलं, राहेलाचं नेलं, पलीकडच्या पुष्कळ जणांचं नेलं. लोकांनी टिंगल केली. “आपा, गालफडं कशाला खरवडता? भात राहिलाय का बघायला?” ती हसायची. चार महिन्यांनी ती तोफज्जलच्या ओट्यावर येऊन बसली.

“चाचा, तुमचं कळायचं ते कळलंच होतं. हात बघूनच कळतं. पण मी दुसऱ्याच कोड्यात आहे.”

“कसल्या?”

“आधी हे ऐका. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असतं. प्रत्येक पेशीत एक गाठोडं असतं. अंग कसं घडवायचं ते सगळं त्यात बांधलेलं असतं. निम्मं आईकडून आलेलं, निम्मं बापाकडून. जुनी पेशी नवी पेशी करते तेव्हा त्या गाठोड्याची दोन सारखी गाठोडी करून वाटून देते. आर्सेनिक वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं की आतला माल तुटायला लागतो. वाटणी करताना एखादी चिंधी बाहेरच राहून जाते. काचेवर ती चिंधी दिसते. मोठ्या गोळ्याशेजारी एक ठिपका. असे ठिपके आम्ही मोजतो.”

“माझ्यात किती?”

“पुष्कळ. पण ते अपेक्षितच होतं. राहेलाच्यात जवळजवळ तुमच्याएवढे आहेत. वय निम्मं, आणि पाणी हिरव्या हापशाचं. असं कसं, चाचा? माहेरी येते तेव्हा तुमच्या लाल हापशाचं पिते का?”

तोफज्जल अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिला. “वर्षातून चार दिवस येते.”

“तेवढ्यानं होत नाही. नव्या तपासणीच्या बाटल्या ईदनंतर येतील, तेव्हा कालीरपारचं पाणी परत बघीन. तोवर तिला बजावून आलेय की दुसरीकडचा थेंबही घ्यायचा नाही. घरच्या हिरव्याचंच प्यायचं, भरपूर.” शिरीन आपा आवाज खाली आणून म्हणाली, “तुम्हाला सांगितलं का तिनं? परत दिवस गेलेत. चौथा महिना आहे.”

त्याला सांगितलं नव्हतं. दोनदा तसं झाल्यावर कोण सांगेल?

“पोटातल्याला जातं का ते?” त्यानं विचारलं.

“नाळेतून जातं. काय होईल ते मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. पाणी बदललं तर नव्या पेशी हळूहळू बऱ्या येऊ लागतात, हे मात्र पाहिलंय. जितकं लवकर तितकं बरं. पण ती तर चांगलंच पाणी पितेय, तेच तर कोडं आहे.” असं म्हणून तिनं चहा संपवला आणि छत्री उचलली. तोफज्जलनं तिला होडीपर्यंत पोचवलं. ईदला पाच आठवडे होते.

सरळ जाऊन सांगेल तो तोफज्जल कसला. त्यानं आधी मिस्त्रीची अक्कल चालवली. शुक्रवारी पुरुष मशिदीत गेले असताना तो कालीरपारला पोचला आणि म्हणाला, बरेच दिवसांत हापसा खोलून बघितला नाही. डोकं उघडलं, आतलं चामड्याचं वायसर काढून खिशात घातलं आणि परत बसवलं. दांडा मारला तर नुसती खडखड.

“झिजलं होतं, विहीणबाई. नवीन मिळेतो आठ-पंधरा दिवस लागतील. तोवर नदीचं पाणी उकळून प्या.”

हाजेरानं कपाळावर हात मारला. “अगंबाई! बरा चालला होता की! व्याही, तुमचा हात लागला की चालतं बंद पडायला लागलंय आता.”

रविवारी तो परत गेला तेव्हा हापसा धो धो वाहत होता. शनिवारी पाड्यातल्या बायकांनीच ओरडा केला होता आणि सिराजला बोलावून आणलं होतं. सिराज म्हणजे तोफज्जलकडेच शिकून तयार झालेला मिस्त्री. त्यानं अर्ध्या तासात सायकलच्या जुन्या ट्यूबचं वायसर कापून बसवलं. हाजेरा दारातूनच म्हणाली, “या! तुमच्या चेल्यानं तुमची लाज राखली बघा,” आणि वाळत घातलेली सुकट उलथायला मागच्या बाजूला गेली. नऊ वर्षांची पारुल तोटीला तोंड लावून पाणी पीत होती. पिऊन झाल्यावर तिनं फ्रॉकला तोंड पुसलं आणि आजोबांना विचारलं, “नाना, मला काय आणलं?” त्यानं खिशातून तिळाचा लाडू काढून दिला. ती पळाली.

राहेला हापशाशी बसून राखेनं भाताचं पातेलं घासत होती. पोट अजून दिसत नव्हतं. तोफज्जल शेजारच्या विटेवर बसला.

“राहेला, हे पाणी पिऊ नकोस.”

“का? सिराजनं नीट नाही का बसवलं?”

“नीट बसवलंय. हा हापसा लाल आहे.”

ती घासतच राहिली. पातेल्याचा काठ, मग बूड. तोफज्जलला वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यानं परत सांगायला तोंड उघडलं.

“मला माहीत आहे, अब्बा.”

“काय माहीत आहे?”

“तोटी राखेनं घासली की रंग सुटतो. पारुल धावायला लागली त्या वर्षी एकदा जोरात घासली, तर हिरव्याच्या खाली लाल दिसला. इथे, वळणाशी.” तिनं ओल्या बोटानं जागा दाखवली. “सासूबाईंना कळू नये म्हणून तिथं मी घासतच नाही.”

तोफज्जलनं त्या जागेवर अंगठा फिरवला. “मग पिलीस कशाला, पोरी? आठ वर्षं पिलीस?”

राहेलानं त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर त्याला तो घेता आला असता.

“मला वाटलं, त्या कागदवाल्यांनी लाल ठरवला आणि तुम्हाला पटलं नाही, म्हणून तुम्ही वरून हिरवा दिलात. त्यांना काय कळतंय पाण्यातलं? तुम्ही हात लावून सांगता. बाकी सगळ्यांचे लाल तसेच ठेवलेत आणि माझाच बदललात, म्हणजे माझं पाणी नक्की चांगलं असणार. शेजारणींना पण मी तेच सांगायचे. आमच्या अब्बांनी स्वतः रंग दिलाय, बिनघोर प्या.”

मागच्या बाजूनं हाजेराचा कावळ्यांना हाकलण्याचा आवाज येत होता. तोफज्जल आपल्या तळहातांकडे बघत बसला. रडावंसं वाटेल म्हणून वाट पाहिली. काही आलं नाही.

“ते दोघं ह्यानंच गेले?” राहेलानं विचारलं.

“माहीत नाही. आपा म्हणते, कुणालाच सांगता येत नाही.”

“आणि हे?”

“पाणी बदललं तर बरं, म्हणते. लवकर.”

तिनं मान हलवली. पातेलं उपडं करून राखेचं पाणी सांडलं, सवयीनं दांड्याकडे हात नेला आणि मध्येच थांबवला. सूर्य डोक्यावर आला होता. पारुलची जेवायची वेळ झाली होती. धुतलेले तांदूळ सुपात तयार होते.

“मग अब्बा,” ती म्हणाली, “आज भात कुठल्या पाण्यात शिजवू?”

ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. नदी ओहोटीनं चिखलापर्यंत गेली होती, तळ्यात ताग कुजत घातला होता. कालीरपारमधले हापसे तोफज्जलनं एकेक करून आठवले. मशिदीजवळचा, शाळेमागचा, सौदागरांच्या वाडीतले तीन, होडीच्या धक्क्यावरचा. कुठला किती फुटांवर लागला तेही त्याला आठवत होतं. सगळ्यांना लाल रंग त्यानंच दिला होता. राहेला पातेलं हातात घेऊन उत्तराची वाट बघत उभी होती.